तीन वर्षं झाली म्हणून क्रेडिट कार्डाचं कर्ज माफ होतं का?

परळकर:
काल फॅमिली ग्रुपवर परत तीच पोस्ट आली. "कार्डाचे पैसे थकलेत? तीन वर्षं कळ काढा, नंबर ब्लॉक करा, कर्ज आपोआप माफ. कायदाच तुमच्या बाजूने आहे." खाली अंगठ्यांची रांग. माझ्या मावसभावाने ती लगेच ऑफिसच्या ग्रुपवर ढकलली. त्याच्या ऑफिसातल्या निम्म्या पोरांची कार्डं गळ्यापर्यंत आलेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुदत कायदा १९६३ चा. अशा पैशांसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं. ती उलटली की बँकेला कोर्टाचं दार बंद. तुम्ही मुद्दा काढला नाही तरी कलम ३ खाली कोर्टाने स्वतःहून दावा फेटाळायचा असतो. इथवर पोस्ट बरोबर. पण देणं संपत नाही. सुप्रीम कोर्टाने बॉम्बे डाइंगच्या खटल्यात १९५८ सालीच म्हटलंय की मुदत संपली की वसुलीचा उपाय जातो, कर्ज उरतं. बँक पत्र पाठवू शकते, फोन करू शकते, सिबिलमधली नोंदही लगेच पुसली जात नाही.

खरा घात पुढे आहे. मुदतीच्या आत सही करून कबुली दिलीत (कलम १८) किंवा थोडे पैसे भरलेत (कलम १९), तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. अडीच वर्षांनी एजंट गोड आवाजात "काका, फक्त दोन हजार टाका, फाइल होल्डवर ठेवतो" म्हणतो ते त्यासाठीच. आणि मुदत संपल्यावरही "मी ही रक्कम भरेन" असं लिहून सही दिलीत, तर करार कायद्याच्या कलम २५(३) ने ते नवं, वसूल करता येणारं वचन होतं. पोस्ट वाचून निर्धास्त झालेला माणूसच अशी सही करतो. त्याला वाटतं कर्ज तर गेलंच, सहीने काय बिघडतंय.

शिवाय कोविड. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीच्या हिशोबातून वगळलाय. २०१९ च्या मध्यात थकलेलं खातं २०२२ मध्ये सुटलं असं धरून बसलेले लोक मला माहीत आहेत. ते २०२४ पर्यंत सुटलं नव्हतं.

जुनाबँकर:
कायदा नीट सांगितलात. पण हे असं जाहीर सांगायचं कशाला? मी बत्तीस वर्षं काउंटरच्या आत काढली. बँकेचा पैसा म्हणजे कुणाचा? पेन्शनर लोकांच्या एफडीचा. घेताना मॉलमध्ये घेतलं, टीव्ही घेतला, गोव्याला गेलात, आणि द्यायच्या वेळी १९६३ चा कायदा? आमच्या वडिलांनी वाण्याची उधारी वीस वर्षांनी फेडली होती, वाणी वारला तर त्याच्या मुलाला नेऊन दिली.

चेंबूरची_माधवी:
वाणी महिन्याला साडेतीन टक्के व्याज लावत होता का? वर्षाचे बेचाळीस झाले. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, तेही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केलं. मूळ खर्च चाळीस हजारांचा, मागणी दीड लाखाची. यात पेन्शनरांचे किती आणि व्याजावरच्या व्याजाचे किती, ते सांगा ना काका.

जुनाबँकर:
व्याज अर्जावर छापलेलं असतं. वाचून सही करायची.

सेक्रेटरी_मुलुंड:
जुनाबँकर, शंभर टक्के सहमत. बुडवे सगळीकडे सारखेच. आमच्या बी विंगमध्ये एक महाशय चार वर्षं मेंटेनन्स देत नाहीत. खाली पार्किंगमध्ये नवी गाडी उभी. पाणी, लिफ्ट, वॉचमन सगळं फुकट. बाकीचे छत्तीस जण त्यांचा भार उचलतात. आणि वर मला परवा म्हणतात, "तीन वर्षांपूर्वीचं बिल आता मागता येत नाही." ही असली पोस्ट वाचूनच!

ॲडव्होकेट_फोर्ट:
त्यांना सांगा, सोसायटीचं गणित वेगळं आहे. सहकार कायद्याच्या कलम ९१ च्या वादात सभासदाकडून येणं असलेल्या रकमेची मुदत तो वारल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून मोजतात, कलम ९२ बघा. सभासद आहे तोवर त्याला मुदतीची ढाल नाही.

सेक्रेटरी_मुलुंड:
हे आधी कुणी का सांगितलं नाही! उद्याच नोटीस काढतो. आणि नावं लिफ्टजवळच्या बोर्डावर आहेतच. लाल अक्षरात.

नालासोपारा_लोकल:
लिफ्टजवळ नावं? तुम्हाला कल्पना आहे का त्या लाल अक्षरांचं काय होतं? २०२० मध्ये माझी नोकरी गेली. सात महिने मेंटेनन्स थकला. बोर्डावर फ्लॅट नंबर, नाव, रक्कम. मुलगी तेव्हा तिसरीत, नुकतीच मराठी भरभर वाचायला शिकली होती. लिफ्टची वाट बघताना बोटाने ओळ धरून तिने ते मोठ्याने वाचलं, मागे शेजारच्या काकू उभ्या. त्यानंतर ती कितीतरी दिवस जिन्याने चढायची. पाच मजले. मी सगळे पैसे भरले, व्याजासकट. बोर्ड पुढचे दोन महिने तसाच होता.

सेक्रेटरी_मुलुंड:
तुमचं वाईट वाटतं. पण माझ्याकडे पंप बदलायला पैसे नाहीत, कॉन्ट्रॅक्टर रोज उंबरठ्याशी. गाडीवाल्याला लाज वाटावी म्हणूनच बोर्ड आहे.

नालासोपारा_लोकल:
गाडीवाल्याला वाटली का लाज? चार वर्षं झाली म्हणताय. लाज वाटते ती आमच्यासारख्यांना, जे तसेही देणारच असतात.

चेंबूरची_माधवी:
अगदी! आणि आदर्श उपविधीत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याज लावता येतं, ते तुम्ही लावताच. वरून बदनामी कशाला? वसुलीचा दाखला मिळवा सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून, कायद्याने जा.

सेक्रेटरी_मुलुंड:
निबंधकाकडे तारखा किती पडतात ते तुम्ही येऊन बघा एकदा. इथे बसून शिकवणं सोपं आहे. मी बिनपगारी काम करतो, रात्री अकराला लोक गळतीचे फोन करतात!

परळकर:
सोसायटीसाठी वेगळा धागा काढा, विनंती आहे. एवढंच म्हणतो की बोर्ड आणि वसुली एजंट यांच्या कामाची रीत एकच आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सांगितलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, नातेवाईकांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. बँकेला हे लागू असेल तर सोसायटीने तरी त्याहून खाली का जावं?

जुनाबँकर:
एजंटांच्या दादागिरीचं समर्थन मी कधीच केलं नाही. मुद्दा वेगळा आहे. तीन वर्षांत दावा लावला नाही म्हणजे बँकेने पैसे सोडले, असं होत नाही. साठ हजारांसाठी वकील आणि कोर्ट फी परवडत नाही म्हणून लावला जात नाही.

ॲडव्होकेट_फोर्ट:
परवडत नाही म्हणून कोर्टात जायचं नाही आणि मग दहा वर्षं फोन करत राहायचं, याला माझा आक्षेप आहे. मुदत याचसाठी असते. दहा वर्षांनी कुणाकडे जुनी स्टेटमेंटं असतात? पैसे भरल्याचं सामान्य माणूस सिद्ध कसं करणार? बँकेकडे सगळं रेकॉर्ड, त्याच्याकडे मोडका मोबाइल. हा कायदा बुडव्यांसाठी नाही, पुरावा हरवलेल्यांसाठी आहे.

परळकर, एक भर. मुदत संपून गेल्यावर नुसते हजार रुपये भरले तर कलम १९ ने मुदत जिवंत होत नाही, भरणा मुदतीच्या आतला लागतो. लोक उगाच घाबरतात. मात्र सही जपा. हल्ली व्हॉट्सॲपवर लवादाची (कोर्टाबाहेर निकाल देणाऱ्या पंचाची) नोटीस येते. लवादालाही मुदत कायदा लागू आहे, आणि बँकेने एकतर्फी नेमलेला एकटा लवाद सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या निकालानंतर टिकत नाही. लोकअदालतीचं पत्र आलं तर तिथे तडजोड तुमच्या संमतीनेच होते. पण जाऊन तडजोडीच्या कागदावर सही केलीत, की ते देणं नव्याने उभं राहतं.

डोंबिवली_सुनीता:
ताई-दादांनो, माझाही एक प्रश्न आहे. माझा दीर २०१७ मध्ये गेला. लग्न झालं नव्हतं, नावावर काही नव्हतं. त्याच्या कार्डाचे फोन आता सासूबाईंना येतात. गेल्या महिन्यात वसुलीवाले दोघं घरी आले, त्यांनी पाणी मागितलं, "मुलाच्या आत्म्याला शांती मिळेल" म्हणाले आणि एका कागदावर सही घेतली. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत. रात्री झोपत नाहीत, देव्हाऱ्यासमोर बसून असतात.

जुनाबँकर:
हे वाचून संताप आला. वारस फक्त मिळालेल्या मालमत्तेपुरता जबाबदार असतो. काही मिळालंच नाही तर सासूबाईंनी एक रुपयाही द्यायचा नाही. माझ्या काळात असं कुणी केलं असतं तर... जाऊ द्या. परळकर, तुमचा धागा जाहीर असायला हवा होता, एवढं मान्य करतो. बाकी मतं माझी तीच आहेत.

ॲडव्होकेट_फोर्ट:
सुनीताताई, आधी त्या कागदाची प्रत लेखी मागा. त्यात काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय मी काही ठाम बोलणार नाही, पण कर्ज त्यांचं नव्हतं हा तुमचा भक्कम मुद्दा आहे. बँकेच्या तक्रार कक्षाला ईमेल करा, सोबत मृत्यूचा दाखला जोडा, दोघं कधी आले ते लिहा. मजकुरात "कर्ज मान्य आहे" असं काहीही येऊ देऊ नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. तोवर सासूबाईंचा फोन तुमच्याकडे ठेवा.

डोंबिवली_सुनीता:
दाखला कपाटातच आहे. आज रात्रीच ईमेल लिहिते, पाठवायच्या आधी इथे टाकू का मसुदा?

ॲडव्होकेट_फोर्ट:
टाका. नाव, नंबर, पत्ता झाकून टाका.