मदत हवी आहे: रशियन कथाकार चेखव वाचून स्वतः लिहायचंय, नक्कल कशी टाळायची?

नमस्कार मंडळी, आम्ही काही जण जगभरातल्या कथा ओळ न ओळ वाचतो आणि मग स्वतः लिहून बघतो. सध्या चेखवची १८८६ची पीटर्सबर्गच्या गाडीवाल्याची कथा चालूय, मुलगा वारलाय, गिऱ्हाइकांना सांगू बघतो पण कुणी ऐकतच नाही आणि शेवटी घोडीला सांगतो. केवढी ताकद आहे! पहिल्याच परिच्छेदात गाडीवाला आणि घोडी दोघं बर्फाने पांढरी होऊन निश्चल उभी, म्हणजे शेवटाची तयारी तिथूनच.

पण लिहायला बसलो की सगळ्यांच्याच गोष्टीत शेवटी कुणीतरी जनावराशी बोलतं. रचना शिकायची पण गोष्ट आपली हवी, यासाठी कोणते एक्सरसाइज घ्यावेत? नुसते संवाद, की एखाद्या गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहायचं? कुणी शिकवत असेल तर प्लीज सविस्तर सांगा. आफ्रिकेतल्या छोट्या कथाही सुचवा.