मेल, ईमेल की पोस्ट?

देवगडहून विचारतोय. लंडनच्या व्यापाऱ्याला हापूसचे दर ईमेलनं धाडले आणि फोनवर म्हटलं, 'सेंट बाय मेल'. तो बाबा चार दिवस पोस्टमनची वाट बघत बसला! चूक कोणाची?

> तुझीच. नुसतं 'मेल' म्हणजे टपालही. शिवाय 'मेल' पाण्यासारखं, मोजत नाहीत. कागदी पत्राला 'अ मेल' म्हणू नकोस. 'ॲन ईमेल', 'टू ईमेल्स' बिनधास्त.

> ब्रिटनमध्ये दारात येतं ते 'पोस्ट', अमेरिकेत 'मेल'. आणि गंमत बघा, 'रॉयल मेल' पोस्ट वाटते, अमेरिकेची 'पोस्टल सर्व्हिस' मेल!

> 'email' लिहिताना e नंतर हायफन घालू नका. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेनं आपल्या लेखन-नियमांतून तो २०११ मध्येच काढला.

हायफन राहू दे, पेट्या भरायच्यात. आमची आय दोन्हीला 'टपाल इलां' म्हणते, तिचं कधी अडलं नाही.