मॉडर्न हिब्रू घरच्या घरी शिकायचंय, नक्की काय घेऊ?

खोपटवाली_ताई:
नमस्कार मंडळी, मी ठाण्याची. टेंभी नाक्याच्या शार हाशामाईम सिनेगॉगमध्ये लहानपणापासून जातेय त्यामुळे आलेफ-बेत म्हणजे हिब्रू मुळाक्षरं येतात, सिद्दूर म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक बोट ठेवून वाचते, पण अर्थ विचाराल तर आनंदीआनंद. मावशीचं कुटुंब इस्रायलमध्ये अश्दोदला आहे, मावशी-काका आमच्याशी मराठीत बोलतात पण त्यांच्या नातवंडांना हिब्रूशिवाय काही येत नाही, व्हिडिओ कॉलवर ती शालोम म्हणतात, मी शालोम म्हणते आणि मग सगळे मावशीच्या तोंडाकडे बघत बसतो. पुढच्या वर्षी तिकडे जायचंय. फोनमध्ये अ‍ॅप आणि पीडीएफचा ढीग झालाय, सुरू एकही केलेलं नाही. नोकरी वाशीला, क्लासला वेळ नाही, थोडे पैसे घालायची तयारी आहे. काय ठेवू काय उडवू?

ऐरोलीचा_अभि:
ड्युओलिंगो टाका, फुकट आहे, रोज दहा मिनिटं. बास.

कोलशेत_काका:
अभि, बाबा रे, ड्युओलिंगो शब्द पाठ करायला ठीक, पण त्यात निकुद जवळपास नसतंच, म्हणजे अक्षरांखालचे स्वरांचे टिंब-रेघा. ताईंना सिद्दूरची सवय, तिथे सगळं निकुदसकट असतं. तिकडे रोजचा पेपर, दुकानाच्या पाट्या, पोरांचं व्हॉट्सअ‍ॅप, सगळं निकुदशिवाय. नवा शब्द आधी ऐकलेला नसेल तर उच्चार अंदाजपंचे.

म्हणून ताई, आधी कान. पिम्सलर नावाचा ऑडिओ कोर्स घ्या, पैसे पडतात पण एक धडा अर्ध्या तासाचा, ठाण्याला गाडीत बसल्यावर सुरू केलात तर वाशी येईपर्यंत संपतो. तो वाक्य बोलायला सांगतो आणि थांबतो, तेव्हा खरंच तोंडाने बोलायचं, लेडीज डब्यात बायका बघतील तर बघू देत. पैसे नको असतील तर अमेरिकन सरकारच्या एफएसआय या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेचा हिब्रू बेसिक कोर्स ऑडिओसकट फुकट मिळतो. १९६५चा आहे, भाषा जरा इस्त्री केलेली वाटते, पण सराव भरपूर.

आणि शब्द इंग्रजी अक्षरांत उतरवू नका, देवनागरीत उतरवा. इंग्रजीत सीएच लिहिलेलं असतं तिथे आपण च वाचतो, तो असतो घशातला ख. उलट त्यांचं त्सादी अक्षर म्हणजे आपला चमच्यातला च, अमेरिकन माणूस त्याच्याशी झटापट करतो, आपल्याला आयता येतो.

सीवूड्स_रात्रपाळी:
काकांशी सहमत, फक्त एक. नुसत्या ऑडिओवर क्रियापदं डोक्यात बसत नाहीत. पीअलिम नावाची साइट आहे, क्रियापद टाकलं की सगळी रूपं निकुदसकट येतात, फुकट. ल-म-द ही मूळ तीन अक्षरं बघा, लोमेद म्हणजे शिकतो, मेलामेद म्हणजे शिकवतो, तालमीद विद्यार्थी. क्रियापदांचे असे सात साचे आहेत, बिनयानीम म्हणतात. सातही एकदम पाठ करायला बसू नका, जे क्रियापद धड्यात आलं तेवढंच तिथे बघा.

आपल्याला एक गोष्ट सोपी जाते. मी जातो, मी जाते, तसंच आनी होलेख, आनी होलेखेत. इंग्रजीवाल्यांना हे शिकवायला पुस्तकात पानंच्या पानं खर्च केलेली असतात ती तुम्ही सरळ उलटा. अडेल ते 'तू'पाशी, मुलाला आता, मुलीला आत. भाचरांत दोन्ही असतील तर पहिल्या वाक्यालाच फजिती. मा निश्मा विचारा, काय चाललंय, ते दोघांनाही चालतं.

खोपटवाली_ताई:
चमच्यातला च 😄 घरी सगळ्यांना म्हणायला लावलं. काका, पीडीएफच्या ढिगात इव्रीत मिन हाहातखाला हे पुस्तक पण आहे, उल्पानमध्ये, म्हणजे तिकडच्या हिब्रूच्या वर्गांत, तेच वापरतात म्हणे. ते करू का आधी?

कोलशेत_काका:
पुस्तक उत्तम आहे, पण वर्गासाठी. सगळं हिब्रूतच, समजावणारं कोणी समोर नसेल तर तुम्ही चौथ्या पानावर बंद कराल. पिम्सलरचा पहिला टप्पा झाल्यावर काढा. आत्ता वाचनाला भाचरांची बालवाडीची पुस्तकं मागवा, लहान मुलांच्या पुस्तकात निकुद असतं.

सीवूड्स_रात्रपाळी:
आणि ताई, हाताने लिहिलेलं हिब्रू अक्षर सिद्दूरच्या छापील अक्षरासारखं नसतं, ते वेगळं शिकावं लागतं. मुलं चिठ्ठी किंवा चित्र पाठवतात त्यावर तेच असतं. एक रविवार पुरे त्याला. पोरांशी टाइप करणार असाल तर फोनच्या कीबोर्डमध्ये हिब्रू आजच टाका, जीबोर्डमध्ये आहे.

ऐरोलीचा_अभि:
मी तरी ड्युओलिंगो सोडणार नाही. पण ते पीअलिम आत्ता उघडून बघितलं, भारी आहे.

कोलशेत_काका:
सोडू नकोस की, गाडीची वाट बघताना कर. ताई, पुढच्या कॉलला मावशींना म्हणावं पाच मिनिटं भाषांतर करू नका.