चाळीस मीटरवर एलएसबीचं सोवळं अजून कशाला?

टिळकवाडीकर
रविवारी गल्लीतला एक पोरगा घरी आला. हौशी रेडिओचा (हॅम) परवाना नवा, सेट नवा. लॅपटॉप जोडून चाळीस मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, ७.०७४ ला एफटी-८ (संगणकानं छोटे संदेश धाडायचा प्रकार) करत होता. ते सगळ्या बँडवर यूएसबीतच (अप्पर साइडबँड, सिग्नल लावलेल्या आकड्याच्या वर) चालतंय. मग माईक उचलून ७.१०० ला गेला आणि तासभर 'सीक्यू' ('कोणी आहे का' अशी हाक) मारत बसला. तिथं बोलणारे सगळे एलएसबीवर (लोअर साइडबँड, सिग्नल आकड्याच्या खाली), याचा मोड यूएसबीच राहिला होता, उत्तर कोण देणार! माझं म्हणणं सरळ आहे. जहाजं, विमानं एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) यूएसबीच वापरतात. हौशी लोकांचा ६० मीटरसुद्धा (५ मेगाहर्ट्झ) यूएसबी. मग १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी, वर यूएसबी, हा घोळ हवाच कशाला? सरसकट यूएसबी करून टाकूया.

निपाणीची लांब तार
करून टाकूया म्हणजे कोण करणार? समजा बेळगावनं केलं आणि कोल्हापूरनं नाही. मी ७.१०० ला एलएसबीवर, म्हणजे माझा आवाज ७.०९७ ते ७.१०० मध्ये. तुम्ही ७.०९८ ला यूएसबीवर, म्हणजे ७.०९८ ते ७.१०१. दोघं एकमेकांच्या उरावर, आणि दोघांनाही नुसती गुरगुर ऐकू येणार. "जरा सरका हो" म्हणायचीही सोय नाही.

टिळकवाडीकर
पटलं. पण कारण सांगा की. 'पहिल्यापासून आहे' हे कारण नव्हे.

खानापूरकर
कारण आहे. जुन्या सेटात आवाजाचा सिग्नल बनतो तो ९ मेगाहर्ट्झचा फिल्टर, आणि ५ चा व्हीएफओ (डायल फिरवून बदलायचा ऑसिलेटर). बेरीज केली की १४, म्हणजे २० मीटर. वजा केली की ४, म्हणजे ८० मीटर. वजाबाकीत साइडबँड आपोआप उलटतोय. संपला विषय.

शहापूरचा सोल्डर
संपत नाही ओ! ही गोष्ट सगळे सांगतात, कागदावर मांडून कोण बघत नाही. सिग्नल ९.००० ते ९.००२, त्यातून व्हीएफओ ५.२ वजा करा: ३.८०० ते ३.८०२. क्रम तोच, काही उलटलं नाही. उलटायचं तर सिग्नल ५.२ ला हवा आणि त्याला ९ मधून वजा करायला हवं: ५.२०२ चं ३.७९८ होतंय. म्हणजे आवाज ५ वर बनवून ऑसिलेटर ९ वर ठेवला तरच तुमचं खरं.

मी हे अंगावर घेऊन शिकलोय. घरी बनवलेला बिटएक्स जातीचा सेट, फिल्टर १२ चा, व्हीएफओ ५ च्या आसपास, वजा करून ७. 'वजाबाकी आहे, उलटणारच' म्हणून प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं बीएफओचा (साइडबँड ठरवणाऱ्या ऑसिलेटरचा) ट्रिमर फिल्टरच्या भलत्या बाजूला नेऊन ठेवला. आठवडाभर कोणी उत्तर देईना. शेवटी गोव्याकडचा एक जण दुसऱ्याला सांगताना ऐकलं, "कोण तरी उलटं बोलतंय बघ." ते मीच. त्याचं बोलणंही माझ्या सेटवर कळायचं नाही. त्या दिवशी शेजारचा जुना रिसीव्हर चालू होता म्हणून कळलं.

खानापूरकर
बरं, गणित चुकलं माझं. रीत तरी बरोबर आहे की नाही?

शहापूरचा सोल्डर
रीत आहे, कायदा नाही. अशा बोलण्याचा अधिकृत संकेत जे३ई, म्हणजे वाहक (कॅरियर) दाबलेला एक साइडबँड. वरचा की खालचा ते त्यात लिहिलेलं नसतंय. आणि उपग्रहवाल्यांना विचारा: आरएस-४४ या उपग्रहाकडं वर जाताना १४५ ला एलएसबी, उतरताना ४३५ ला यूएसबी. तिथला ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत धाडणारा) खरंच उलटवतोय. त्यांना कुठं सोवळं आडवं येतंय?

निपाणीची लांब तार
त्यांनीही आपसात ठरवलंय म्हणूनच एकमेकांना सापडतात की! मला कारणाशी देणंघेणं नाही. सकाळी चहा घेताना ७ वर कान लावला की माणूस एलएसबीवरच असणार, एवढं कळलं की बस.

टिळकवाडीकर
मी अजून यूएसबीच्याच बाजूचा आहे, पण एकटा करून उपयोग नाही, हे मान्य. पोराच्या सेटवर एफटी-८ नंतर मोड बघायची चिठ्ठी चिकटवून आलोय.

निपाणीची लांब तार
रविवारी सातच्या पुढं ७.१०० च्या आसपास ऐकत बसतो. त्याला बोलवा.