ब्रायटनला जातेय, जुन्या इतिहासातलं काय बघू?

मासुंदाकाठची
नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, नौपाड्यात राहते. लेक ब्रायटनला मास्टर्स करतेय, जूनमधे दहा दिवस तिच्याकडे जाणार आहे. पिअर, बीच वगैरे ती दाखवेलच पण मला गावाचा जुना इतिहास बघायचाय. रॉयल पॅव्हेलियनचे फोटो बघून चक्रावलेच, इंग्लंडात समुद्रकाठी घुमट आणि मिनार आले कुठून? आणि तिथे आपल्या सैनिकांचं हॉस्पिटल होतं म्हणतात ते खरंय का? माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला होते म्हणून जीव अडकलाय.

वाशी_ते_ब्रायटन
ताई, खरंय. मी तिथे दोन वर्षं होतो. मुळात ते कोळ्यांचं गाव, आपल्या चेंदणी कोळीवाड्यासारखं. १७५० च्या सुमारास डॉ. रिचर्ड रसेलनी समुद्रात डुंबा, समुद्राचं पाणी प्या असं सांगायला सुरुवात केली आणि बड्या लोकांची रीघ लागली, त्यातच नंतरचा राजा चौथा जॉर्ज. त्याच्यासाठी जॉन नॅशने १८१५ ते १८२२ मधे आधीच्या वाड्याला हे रूप दिलं, बाहेरून हिंदुस्थानी थाट आणि आत सगळी चिनी सजावट. व्हिक्टोरिया राणीला ते रुचलं नाही, १८५० मधे गावानेच विकत घेतलं.

डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले आपले जवान तिथे होते. पॅव्हेलियन आणि शेजारचा डोम, जो आधी राजाच्या घोड्यांचा तबेला होता, दोन्ही मिळून सातशेच्या वर खाटा. धर्म आणि जात पाळता यावी म्हणून नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं, हिंदू मुसलमानांचे पाण्याचे नळसुद्धा वेगळे. झुंबराखाली खाटा मांडलेले फोटो आहेत, ते बघितल्याशिवाय बाहेर पडू नका.

पण पॅव्हेलियन बघून परत फिरू नका हो. पॅचम गावावरच्या टेकडीवर छत्री आहे, म्हणजे वानवडीला शिंदे छत्री आहे ना, त्याच अर्थाने छत्री. तिथल्या हॉस्पिटलात वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना याच जागी अग्नी दिला. (मुसलमान जवानांचं दफन वोकिंगला झालं.) गाडी वरपर्यंत जात नाही, पॅचमहून चढ चालायला लागतो, आजूबाजूला नुसतं गवत आणि मेंढ्या. पांढऱ्या संगमरवराची आठ खांबांची छत्री आणि तिच्या पायाशी ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा, त्यांच्याखाली चितांचे ओटे आहेत. मी तिथे पोचलो तेव्हा वारा इतका होता की उदबत्ती काही केल्या पेटेना, शेवटी तशीच शिळेवर ठेवली आणि बराच वेळ बसून राहिलो.

चेंदणीकर
वरच्या दादांच्या माहितीत भर. छत्रीचं डिझाइन ई. सी. हेन्रिकेस यांचं, ते मुंबईचे आर्किटेक्ट. १ फेब्रुवारी १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते उद्घाटन झालं. दुसऱ्या महायुद्धात तिथे फौजेचा सराव चालायचा, छत्रीवर गोळ्या लागल्या होत्या, मग नंतर दुरुस्ती केली. २०१० मधे जवळच ५३ जणांची नावं कोरलेली भिंत उभारली, ती नावं एकेक करून वाचा.

आणि आपण ठाणेकर, १८५३ ची पहिली गाडी आपल्याच स्टेशनात आली, मग व्होल्क्स रेल्वेत बसायलाच हवं. १८८३ मधे मॅग्नस व्होल्कने समुद्रकाठाने सुरू केलेली विजेची रेल्वे, अजून चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी! आपल्याकडे विजेची लोकल १९२५ ला आली, त्यावरून अंदाज घ्या. उन्हाळ्यात चालते, म्हणजे तुमची वेळ बरोबर जमतेय.

ऐरोलीची_माई
सेंट निकोलस चर्चच्या आवारात शेख दीन महंमदची कबर आहे, तिथेही जा. पाटण्यात जन्मलेला हा माणूस, ब्रायटनला वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं, पुढे दोन राजांचा शाम्पूइंग सर्जन झाला. आपल्या चंपीवरूनच शाम्पू शब्द आला ना, तो तिथे त्यानेच रुळवला.

मासुंदाकाठची
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! लेकीला पाठवलं, ती वर्षभर तिथे राहून छत्रीवर गेलेली नाही, आता म्हणते आपण दोघी जाऊ. जूनमधे एका रविवारी तिथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो म्हणे, तो गाठता येईल असंच तिकीट काढते. वाशीवाले दादा, चढ साधारण किती वेळाचा? माझे गुडघे जरा दुखतात, पण येऊरला जाते मी रोज सकाळी, हळूहळू का होईना चढेन.

वाशी_ते_ब्रायटन
येऊर चढता म्हणजे काळजीच नको. पाऊण तास धरा, बूट चांगले घाला, पाऊस झाला असेल तर वाट निसरडी असते.