खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे काम नेमके काय आहे?

प्रश्न (पैठण)
नाथसागराच्या लाभक्षेत्रात आमची शेती असून कालव्यालगतचा काही भाग चिबड, म्हणजे पाणी मुरून कायम ओला व नापीक, झाला आहे. त्यासंबंधी वाचताना खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे नाव वारंवार येते. परंतु तेथे धरणांच्या लहान प्रतिकृती बांधतात, यापलीकडे काही कळत नाही. हे केंद्र कशासाठी सुरू झाले, आणि प्रतिकृतीवरून गोदावरीसारख्या नदीच्या पुराविषयी खात्रीने कसे सांगता येते?

उत्तर (परभणी)
या केंद्राचा उगम तुमच्या अडचणीच्या अगदी जवळचा आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये सिंचनाचा एक विशेष विभाग स्थापन केला, तो सिंचनाची पद्धत शेतीच्या गरजांशी आणि मर्यादांशी जुळवून घेण्यासाठी. क्लॉड इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्यांनी दीर्घकाळ त्याचे नेतृत्व केले. दख्खनच्या कालव्यांखाली चिबड होणाऱ्या जमिनी आणि त्यांचा निचरा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे नद्या, पूर, सांडवे (धरणातले जादा पाणी सोडण्याच्या वाटा) आणि बंदरे असा व्याप वाढत गेला व केंद्र भारत सरकारकडे आले. मोठ्या धरणांच्या चर्चेत ही शेतीची बाजू मागे पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
प्रतिकृतीविषयी लिहितो. सांडव्यावरील प्रवाहात गुरुत्वाकर्षण प्रबळ असते, म्हणून फ्रूड यांच्या नियमाने, म्हणजे वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरून, प्रमाणे ठरवतात. लांबी शंभरपट कमी केली, तर वेग दहापट आणि विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, एक लाख पट कमी होतो. म्हणजे सेकंदाला १०,००० घनमीटरचा पूर प्रतिकृतीत सेकंदाला १०० लिटर पाण्याने दाखवता येतो. कोणते दरवाजे आधी उघडावेत, सांडव्याखाली पाण्याची ऊर्जा कुठे जिरते, तळ कितपत खरवडला जातो, हे बांधकामापूर्वीच पाहता येते. मात्र घर्षण आणि गाळाचे कण त्याच प्रमाणात लहान करता येत नाहीत. त्यामुळे गाळाविषयीचे निष्कर्ष नदीवरील प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावे लागतात, आणि अनुभवी माणसाचे महत्त्व इथेच कळते.

उत्तर (नांदेड)
राज्याची स्वतःची अभियांत्रिकी संशोधन संस्था, मेरी, १९५९ पासून नाशिकला आहे. परंतु चिबड जमिनीसाठी १९८० मध्ये स्थापन झालेली छत्रपती संभाजीनगरची वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, आपल्याला अधिक जवळची आहे. तिकडे जाण्यापूर्वी कालव्याचे आवर्तन सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर शेतातल्या विहिरीची पाणीपातळी मोजून ठेवावी. काळ्या जमिनीत पाझर कालव्याचा आहे की वरच्या शेतांच्या अतिसिंचनाचा, हे ठरवताना ती नोंद फार उपयोगी पडते, आणि निचऱ्याचा चर कोणत्या बाजूला खोदायचा हेही त्यावरच ठरते.