सोसायटी मेंटेनन्सचं वेब अ‍ॅप तयार आहे: स्वतः चालवू की अकाउंटंट फर्मला विकून टाकू?

रविवारचा_कोडर

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या छोट्या गृहनिर्माण सोसायट्यांसाठी वेब अ‍ॅप बनवलंय. जँगो (पायथनची वेब चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), सर्व्हर मुंबईत. दरमहा बिलं, थकबाकीवर व्याज, पावत्या आणि टॅलीत चढवायची एक्सएमएल फाइल, एवढंच. गेटवरचे व्हिजिटर, क्लबहाउसचं बुकिंग वगैरे काही नाही. दोन सोसायट्या (४८ आणि ७२ फ्लॅट) सध्या फुकट वापरतायत. सर्व्हर, बॅकअप, ईमेल धरून महिना ३,००० जातात. नोकरी आयटीत, त्यामुळे आठवड्याला फार तर १० तास देता येतील.

आता ३० सोसायट्यांची खाती लिहिणाऱ्या एका फर्मने सोर्सकोडसकट सगळं ३ लाखांना मागितलंय. चौदा महिन्यांचे शनिवार-रविवार गेलेत, त्या मानाने रक्कम फारच कमी वाटते. स्वतः लाँच करण्यात दम आहे का? विकायचं तर किंमत कशी काढायची? आणि करारात काय बघायचं?

ताळेबंद

शनिवार-रविवार विसरा. घेणाऱ्याला त्यांच्याशी देणंघेणं नसतं. तो पुढे येणारा पैसा बघतो, आणि तुमच्याकडे तो आज शून्य आहे.

आकडे मांडू. फ्लॅटमागे महिना १० रुपये धरा, यापेक्षा जास्त छोटी सोसायटी सहज देत नाही. ५० फ्लॅटच्या २० सोसायट्या मिळाल्या तर १,००० फ्लॅट, म्हणजे महिना १०,०००. खर्च ३,००० वजा करून उरले ७,०००. आठवड्याचे १० तास म्हणजे महिन्याला ४३, ताशी साधारण १६० रुपये. वर्षाचे झाले ८४,०००. आता ३ लाखांकडे परत बघा: अजून न मिळालेल्या २० गिऱ्हाइकांच्या साडेतीन वर्षांच्या नफ्याएवढी रक्कम आज समोर ठेवलीय. छोट्या चालत्या सॉफ्टवेअरच्या सौद्यांत वर्षाच्या नफ्याच्या तीन-चार पटीच्या आसपासच बोलणी होतात, आणि तीही खरा नफा दाखवल्यावर. ऑफर अपमानास्पद नाही.

त्या २० सोसायट्या मिळवणं हे खरं काम. खजिनदार मानद असतो, त्याला रात्री नऊनंतरच वेळ. खर्चाला कमिटीची मंजुरी लागते, कुणी हरकत घेतली की विषय वार्षिक सभेवर जातो, आणि ती ३० सप्टेंबरच्या आत कधीतरी होते. शिवाय कुणालाही सॉफ्टवेअर बदलायचं असतं ते १ एप्रिलला. एप्रिल हुकला की मधल्याच महिन्यात सुरुवातीच्या बाक्या चढवाव्या लागतात. तुमच्या अ‍ॅपला प्रत्येक फ्लॅटचं मुद्दल वेगळं आणि व्याज वेगळं हवं असणार. सोसायटीच्या एक्सेलमध्ये मात्र ‘बाकी’ नावाचा एकच कॉलम असतो! ४८ फ्लॅटचे जुने पावतीपुस्तक उघडून ते वेगळं करायला दोन रविवार जातात, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

म्हणून गिऱ्हाईक सोसायटी नव्हे, अकाउंटंट. त्याच्याकडे ३० सोसायट्या, सरासरी ५० फ्लॅट, म्हणजे १,५०० फ्लॅट. निम्म्या दराने, ५ रुपयांनी दिलंत तरी महिना ७,५०० आणि फोन करणारा माणूस एकच. न विकता त्यालाच परवाना द्या, हा पर्याय त्याच्यासमोर ठेवलात का?

उपविधीवाले

विका किंवा चालवा, आधी व्याज तपासा. आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) थकबाकीवर सरळव्याज आहे, कमाल द.सा.द.शे. २१ टक्के, सभा कमी दर ठरवू शकते. घरगुती अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा व्याज बाकीत मिळवलं जातं आणि पुढच्या महिन्यात त्या बेरजेवर पुन्हा व्याज लागतं. १०,००० थकले तर सरळव्याजाने महिना १७५, वर्षाला २,१००. वर सांगितलेल्या चुकीने होतात सुमारे २,३१४. फरक २१४ रुपयांचा, पण एखादा निवृत्त बँकवाला सभासद तो भर सभेत फळ्यावर मांडतो. मुद्दलाचं आणि व्याजाचं खातं वेगळं ठेवा. पावती आली की आधी व्याजात वळती करायची की मुद्दलात, हे सोसायटीगणिक सेटिंग हवं.

जीएसटीचंही तसंच. सभासदामागे महिना ७,५०० च्या वर वर्गणी आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच कर लागतो. ७,५०० ओलांडल्यावर कर पूर्ण रकमेवर की वरच्या रकमेवर? जुलै २०१९ च्या परिपत्रकात पूर्ण रकमेवर म्हटलंय, तर मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालात फक्त वरच्या रकमेवर. त्यामुळे हा नियम कोडात ठोकून बसवू नका. कोणता पर्याय घ्यायचा ते सोसायटीचा सीए निवडेल. कराच्या बिलाचा क्रमांक १६ अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात सलग लागतो. सोसायटीचं लांबलचक नाव त्यात घुसवलं असेल तर काढा.

नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाचा) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. एकूण बिलावर १० टक्के काढणारी अ‍ॅप्स ढिगाने आहेत.

पोर्ट_५४३२

कोडाच्या बाजूने चार गोष्टी. त्यातली पहिली आज रात्रीच करा.

एका सोसायटीचा सभासद म्हणून लॉगिन करा, स्वतःचं बिल उघडा, आणि ब्राउझरच्या पत्त्यातला बिल क्रमांक १०४३ असेल तर १०४४ करा. दुसऱ्याचं बिल दिसलं तर लाँच आणि विक्री दोन्ही थांबवा. लॉगिन तपासलं जातं, पण ते बिल याच माणसाचं आहे का हे तपासायचं राहतं. प्रत्येक व्ह्यूमध्ये (एकेक पान दाखवणाऱ्या कोडात) हाताने अट घालत बसू नका, एखादी सुटतेच. पोस्टग्रेसची रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसतील हे डेटाबेसच ठरवतो) सोसायटी क्रमांकावर लावा. अ‍ॅपचा डेटाबेस युजर टेबलांचा मालक नसावा, मालकाला ती पॉलिसी आपोआप लागत नाही. पीडीएफचे थेट दुवे आणि एक्सपोर्टही तपासा, गळती तिथेच सापडते. आणि एका सोसायटीतल्या शेजाऱ्याचं बिल दिसू नये म्हणून फ्लॅटची तपासणी वेगळी लागेलच.

दुसरं, पूर्णांकन. ४,०६२.५० चं बिल पायथनचा साधा राउंड ४,०६२ करतो, कारण बरोबर अर्धा आला की तो सम आकड्याकडे जातो. अकाउंटंट ४,०६३ लिहितो. डेसिमल प्रकार वापरूनही मूळ सेटिंग हेच असतं. अर्धा वर न्यायचा पर्याय स्वतः निवडावा लागतो. फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) कुठे राहिला असेल तर तो आधी काढा.

तिसरं, पैसे. सभासदांची वर्गणी तुमच्या खात्यात घेऊन पुढे सोसायटीला पाठवू नका. दुसऱ्याचे पैसे गोळा करून वाटणं रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटर नियमांत जातं. गेटवेचं खातं सोसायटीच्या नावाने काढा. कार्डावर २ टक्के आणि त्यावर जीएसटी धरला तर ४,००० च्या बिलामागे ९४ रुपये ४० पैसे जातात, म्हणजे तुमच्या १० रुपयांच्या नऊपट! छोट्या सोसायटीला तिच्याच बँकेचा यूपीआय क्यूआर आणि यूटीआर नंबरवरून (बँक व्यवहाराच्या क्रमांकावरून) जुळणी एवढं पुरतं.

चौथं, बॅकअप परत चढवून बघा. रिकाम्या सर्व्हरवर डंप (डेटाबेसची साठवलेली प्रत) उतरवा, मार्चची बिलं काढा, जुन्या पीडीएफशी ताडा. घेणाराही हेच करायला लावणार आहे.

रविवारचा_कोडर

१०४४ उघडलं. दिसलं. आत्ता दुरुस्तीला बसलोय.

आणखी तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या. डॅशबोर्डची थीम बाजारातून घेतलेली आहे, रेग्युलर लायसन्स. फर्मला परवाना नको, मालकी हवीय, आणि दोन सोसायट्यांचा डेटाही. माझ्या नोकरीच्या करारात ‘कर्मचाऱ्याने निर्माण केलेलं सर्व’ असं काहीतरी कलम आहे.

अर्धविराम

तर मग आधी ते शेवटचं कलम. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेलं काम वेगळा करार नसेल तर नोकरी देणाऱ्या कंपनीचं. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काम त्यात सहसा बसत नाही, पण तुमचं कलम त्याहून रुंद असेल तर वाद होऊ शकतो. एचआरकडून ‘या अ‍ॅपवर कंपनीचा दावा नाही’ असं लेखी घ्या, तोंडी नको. हे पत्र नसताना ‘मीच मालक’ अशी हमी करारात सही करून दिलीत तर उद्या भरपाई तुमच्याच खिशातून.

विक्री म्हणजे कायद्याच्या भाषेत हस्तांतरण. ते लेखी आणि सही केलेलंच लागतं. कलम १९ नीट वाचा: मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही तर तेवढ्यापुरतं हस्तांतरण संपतं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. ही मोकळी जागा तुमच्या फायद्याची असते. फर्मचा वकील जागा असेल तर ती भरून मागेल, आणि तेव्हाच किंमत वाढवायची. परवान्यालाही हेच नियम लागतात.

रेग्युलर लायसन्सची थीम सहसा अशा उत्पादनाला चालत नाही ज्यात वापरणारा पैसे भरतो. एक्स्टेंडेड घ्यावं लागतं. शिवाय परवाना तुमच्या नावावर आहे, तो कोडाबरोबर आपोआप जात नाही. थीम बदलून साधी मोफत चौकट लावणं स्वस्त पडेल. वापरलेल्या तयार लायब्ररींत एजीपीएल हा मुक्त परवाना कुठे आहे का तेही पाहा. त्या अटीत नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स द्यावा लागतो. एमआयटी, बीएसडी असे सैल परवाने असतील तर चिंता नाही.

डेटा तुमचा नाहीच, तो त्या सोसायट्यांचा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात त्या जबाबदार आणि तुम्ही त्यांच्या वतीने प्रक्रिया करणारे. फर्मला हवा असेल तर दोन्ही कमिट्यांचे ठराव आणा, नाहीतर रिकामा डेटाबेस द्या.

ताळेबंद

मालकीच हवी म्हणतायत तर हप्ते असे मागा: सहीला ४० टक्के, त्यांच्या सर्व्हरवर चालू झाल्यावर ४०, आणि एका पूर्ण महिन्याची बिलं टॅलीशी पैशापर्यंत जुळल्यावर उरलेले २०. ‘समाधानकारक चालल्यावर’ असं वाक्य नको, त्यात शेवटचा हप्ता अडकतो. सपोर्ट ६० दिवसांत ३० तास, पुढे ताशी दर. गिटच्या (कोडातले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) जुन्या इतिहासात पासवर्ड, ईमेलची की राहिलेली असते. रेपो (कोडाचं भांडार) देण्याआधी सगळ्या की बदला.

कराचं आधीच सीएला विचारा. स्वतः घडवलेल्या अशा मालमत्तेची खरेदी किंमत २०२३ पासून शून्य धरतात, म्हणजे भांडवली नफा म्हणून दाखवलं तर चौदा महिन्यांचा खर्च वजा मिळणार नाही. धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवता येतं का, हे सहीच्या आधी ठरवावं लागतं.

रविवारचा_कोडर

रो लेव्हल सिक्युरिटी लावली, फ्लॅटची अटही घातली. १०४४ वर आता ४०४ (‘पान सापडलं नाही’) येतं. पीडीएफचा दुवा मात्र अजून उघडतोय.

पोर्ट_५४३२

फाइल एनजिनएक्स (जँगोच्या पुढे बसलेला वेब सर्व्हर) परस्पर देतोय, जँगोपर्यंत विनंती येतच नाही. मीडिया फोल्डरच्या ब्लॉकमध्ये इंटर्नल लिहा, आणि व्ह्यूमध्ये हक्क तपासून एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट हेडरने फाइल द्या. नंतर लॉगआउट करून, खाजगी विंडोत तोच दुवा पुन्हा टाकून बघा.